जुन्या रॅमशेजारी नवी रॅम

खामगाव तालुक्यातल्या एका गावात मी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, शिष्यवृत्तीचे फॉर्म, पॅन कार्ड, कोणी आलं तर रेल्वेचं तिकीटसुद्धा. सगळं काम एका कॉम्प्युटरवर चालतं. २०२५च्या हिवाळ्यात त्याची रॅम वाढवली आणि पुढे बरेच दिवस डोक्याला ताप झाला. घाटावर काय न घाटाखाली काय, जिल्ह्यात अशी केंद्रं गावोगाव आहेत आणि बऱ्याच जणांकडे माझ्यासारखीच जुनी मशीन आहेत. कोणाला उपयोग होईल म्हणून झालं ते तसंच सांगतो.

मशीनची माहिती आधी देतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. प्रोसेसर इंटेलचा आय३-८१००. बोर्ड एच३१० चिपसेटचा, रॅमचे दोन स्लॉट. त्यातल्या एकात ४ जीबीची डीडीआर४ रॅम, दुसरा पहिल्यापासून रिकामा. मधे कधीतरी एसएसडी टाकून घेतली होती. तिने मशीनला नवा जीव आला होता, आणि विंडोज १०वर काम बरं चाललं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझ्याकडे लोकांचे आधार नंबर येतात, बँकेची पासबुकं येतात. सुरक्षेचे अपडेट न मिळणाऱ्या मशीनवर ते टाकणं मला बरं वाटेना. विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. माझा आठव्या पिढीतलाच. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या सेटिंगमध्ये, विंडोज ११ला लागणारं सुरक्षेचं टीपीएम बंद होतं, ते चालू केलं आणि विंडोज ११ बसलं.

बसलं, पण मशीन बैठलं. विंडोज ११ला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते असं कंपनीच लिहिते. तेवढ्यावर ते सुरू होतं हे खरं. पण ब्राउझरमध्ये दोन सरकारी पोर्टल, शेजारी अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, स्कॅनर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली कागदपत्रं, एवढं उघडलं की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर. माउस हलवला की बाण मागून यायचा. त्यात लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीची गर्दी. मुदत वाढून ३१ डिसेंबर झाली होती, आणि गावातल्या बाया कापूस वेचून आल्या की थेट केंद्रात. ओटीपीची वेळ निघून जायची आणि माझं पान उघडायचं नाही. एक मावशी म्हणाल्या, "तुह्या मशीनपेक्षा माह्या पोराचा मोबाइल बरा हाय." बोलण्यासारखं काही नव्हतं.

रॅम घ्यायला खामगावला गेलो तर भाव ऐकून थबकलो. दिवाळीआधी ८ जीबीची जी रॅम विचारून ठेवली होती, तिचा भाव दुपटीच्या वर गेला होता. दुकानदार लुबाडतोय असं मनात आलं. पण अकोल्याला फोन लावला, संभाजीनगरला लावला, सगळीकडे तेच. नंतर कळलं की ही भाववाढ जगभरची होती. रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा दिसला आणि साध्या कॉम्प्युटरची रॅम मागे पडली. ३ डिसेंबर २०२५ला तर मायक्रॉनने क्रुशल या नावाने किरकोळ ग्राहकांना रॅम विकण्याचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अमेरिकेतल्या डेटा सेंटरचा खर्च माझ्या खिशातून असा जाईल हे कुठं माहीत होतं!

एका दुकानदाराने वापरलेली रॅम दाखवली. ८ जीबी, डीडीआर४, कुठल्याशा गेमिंग कॉम्प्युटरमधून निघालेली. वर लाल अ‍ॅल्युमिनियमचं कव्हर, त्यावर ३२०० लिहिलेलं. भाव परवडणारा होता. मी विचारलं, माझी जुनी २४००ची आहे, हिच्यासोबत चालेल का. "चालते ना भाऊ, डीडीआर४ ते डीडीआर४," तो म्हणाला. दुकानातल्या पोराने तिथेच बसवून दिली. बायोसमध्ये जाऊन काहीतरी चालू केलं आणि म्हणाला, "गेमिंगची आहे, प्रोफाइल लावून देतो, पळंल मस्त." स्क्रीनवर १२ जीबी दिसली. त्याने यूट्यूब लावून दाखवलं. पैसे दिले, मशीन मोटारसायकलवर बांधून घरी आणलं.

पहिले काही दिवस खरंच मस्त गेले. मग एक दिवस ब्राउझरचा टॅब आपोआप बंद पडला. नेटचा घोळ असेल म्हणून सोडून दिलं. परत तेच. मग स्कॅन करताना सॉफ्टवेअर बंद पडायला लागलं. आणि एका सकाळी, समोर चार-पाच माणसं बसलेली असताना, स्क्रीन काळी झाली आणि इंग्रजीत ओळ आली: मशीनमध्ये अडचण आली आहे, रीस्टार्ट करतो आहे. खाली बारीक अक्षरात मेमरी मॅनेजमेंट. पूर्वी ही स्क्रीन निळी असायची. विंडोज ११मध्ये ती आता काळी केली आहे, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं लाइटच गेली.

लाइटवर संशय येणं आमच्याकडे साहजिक आहे. रब्बीचे दिवस. हरभऱ्याला, गव्हाला पाणी चालू. कृषिपंप सुरू झाले की गावातला व्होल्टेज असा पडतो की ट्यूबलाइट लुकलुकते. म्हणून यूपीएसची बॅटरी बदलली. फरक नाही. मग मशीन उघडून धूळ काढली. सोयाबीन काढणीची बारीक धूळ मशीनमध्ये थरच्या थर बसते, ती निघाली. दोन्ही रॅम काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरने पुसले, परत बसवल्या. दोन दिवस बरं चाललं म्हणून वाटलं सुटलो, मग परत काळी स्क्रीन. विंडोजच नवीन टाकून पाहिलं. टाकतानाच एकदा फाइल खराब आहे म्हणून थांबलं, दुसऱ्यांदा टाकलं तर झालं.

मशीन बंद पडण्याचा त्रास होताच, पण त्याहून वाईट गोष्ट वेगळी निघाली. एका विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला मी उत्पन्नाचा दाखला जोडला होता. अर्ज परत आला. शेरा होता, कागदपत्र उघडत नाही. माझ्याकडची फाइल उघडून पाहिली तर अर्धं पान बरोबर आणि खाली राखाडी पट्टा. म्हणजे मशीन चालू होतं, कुठलाही इशारा नव्हता, आणि फाइल बिघडून गेली होती. असे आणखी किती कागद गेले असतील या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी केंद्र उघडलं नाही. घरच्यांना सांगितलं, सर्व्हर डाउन आहे.

माझा एक मामेभाऊ पुण्याला सर्व्हरच्या देखभालीचं काम करतो. वयाने मोठा आहे. त्याला संध्याकाळी फोन केला. सगळं ऐकून त्याने एकच विचारलं, "रॅम बसवल्यावर तपासली होती का?" मी म्हटलं, १२ जीबी दिसते की पूर्ण. तो म्हणाला, "दिसते म्हणजे मोजली. तपासली नाही."

त्याने मेमटेस्ट८६ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर सांगितलं. ते पेनड्राइव्हवर टाकायचं आणि मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. विंडोज चालूच होत नाही. ते रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहितं, परत वाचतं आणि लिहिलेलंच परत आलं का ते बघतं. हीच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हेने पुन्हा पुन्हा करतं. त्याला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपायचं. विंडोजमध्येही मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी असते. पण तिच्यातून सुटलेल्या चुका यात सापडतात असा त्याचा अनुभव.

रात्री लावलं. पण मी झोपायला गेलोच नाही, खुर्ची टाकून बघत बसलो. चुका यायला फार वेळ लागला नाही. एक आली, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ आल्या. त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. निदान चोर घरातच आहे हे कळलं.

आता सरळ होतं. वापरलेली रॅम खराब निघाली, ती परत द्यायची. तरी भाऊ म्हणाला, एकेक करून तपास, मग दुकानात जा. म्हणून जुनी काढून ठेवली आणि फक्त ती लाल रॅम लावून रात्रभर तपासणी चालवली. एकही चूक नाही. मग लाल काढली, फक्त जुनी लावली. तीही स्वच्छ. दोन्ही लावल्या की चुका. स्लॉट बदलून पाहिले, तरी तेच. म्हणजे दोन्ही रॅम चांगल्या, दोन्ही स्लॉट चांगले, आणि सोबत लावल्या की भांडण. माझं डोकं चालेना.

भावाने सीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर उघडायला लावलं. त्यात मेमरीचं एक पान असतं आणि एसपीडीचं एक. दोन्हींचे फोटो काढून पाठवायला सांगितले. फोटो बघून त्याने विचारलं, "बायोसमध्ये एक्सएमपी कोणी चालू केलंय?" दुकानातल्या पोराने लावून दिलेलं 'प्रोफाइल' ते हेच.

इथे थोडं खोलात जावं लागेल. मला जसं समजलं तसं सांगतो.

रॅमच्या डब्यावर २४००, ३२०० असे आकडे असतात, तो वेग. त्याच्याशिवाय दुसरे आकडे असतात, ते टायमिंगचे, म्हणजे १७-१७-१७-३९ असे. रॅमच्या आत माहिती ओळी आणि रकाने अशी मांडलेली असते. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुनी नक्कल मागितली की शिपाई आधी फडताळातून त्या गावाचा बस्ता उतरवतो, गाठ सोडतो, मग त्यातलं पान काढून देतो. दुसऱ्या गावाची नक्कल हवी असेल तर पहिला बस्ता बांधून ठेवल्याशिवाय दुसरा निघत नाही. टायमिंगचे पहिले तीन आकडे म्हणजे याच तीन कामांना दिलेला वेळ: उघड्या बस्त्यातलं पान हातात येईपर्यंत, बस्ता उतरवून सोडेपर्यंत, आणि तो परत बांधेपर्यंत. पहिल्या आकड्याला सीएल म्हणतात. चौथा आकडा, बस्ता कमीत कमी किती वेळ उघडा ठेवायचा त्याचा.

हा वेळ सेकंदात नसतो, रॅमच्या घड्याळाच्या ठोक्यांत असतो. म्हणून नुसता सीएलचा आकडा पाहून काही कळत नाही, वेग सोबत धरावा लागतो. सीएलला २०००ने गुणायचं आणि वेगाने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात येतं. २४०० वेगाची सीएल १७ची रॅम घेतली तर १४.१७ नॅनोसेकंद. ३२०० वेगाची सीएल २२ची घेतली तर १३.७५, म्हणजे जवळपास तेवढंच. आणि ३२०० वेगाची सीएल १६ची, जी गेमिंगवाले घेतात, तिचे होतात १०. ती खरंच चपळ असते.

प्रत्येक रॅमच्या पट्टीवर एक बारीक चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. त्या पट्टीला कोणत्या वेगाला किती वेळ लागतो हे त्यात लिहिलेलं असतं. मशीन सुरू होताना बोर्ड दोन्ही पट्ट्यांचं एसपीडी वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग आणि वेळ ठरवतो. हळू असेल तिच्या हिशेबाने दोघी चालतात. म्हणून वेगवेगळ्या वेगाच्या रॅम सोबत चालतात हे दुकानदाराचं म्हणणं तसं खोटं नव्हतं.

एक्सएमपी मात्र या ठरावाच्या बाहेरचं आहे. गेमिंगच्या रॅममध्ये नेहमीच्या यादीशिवाय आणखी एक यादी असते, कंपनीने स्वतः तपासून टाकलेली. माझ्या लाल रॅममध्ये ती ३२०० वेगाची, १६-१८-१८-३६ टायमिंगची आणि १.३५ व्होल्टची होती. साध्या डीडीआर४ला १.२ व्होल्ट लागतात. पोराने ही यादी चालू केली. पण माझ्या एच३१० बोर्डवर आय३-८१०० हा प्रोसेसर २४००च्या वर रॅम चालवतच नाही. त्यामुळे वेग आला २४००वर आणि टायमिंग मात्र त्या यादीतलं राहिलं, सीएल १६. आणि ते एकट्या लाल रॅमला लागलं नाही, दोघींना लागलं.

आता वरचा हिशेब करा. २४०० वेगाला सीएल १६ म्हणजे १३.३३ नॅनोसेकंद. लाल रॅमला १० पुरतात, तिला हा वेळ मोप झाला. माझ्या जुन्या रॅमला मात्र १४.१७ लागतात असं तिच्याच एसपीडीत लिहिलेलं होतं. तिच्याकडून रोज थोडं लवकर मागितलं जात होतं. बहुतेक वेळा ती देऊन टाकायची. कधीतरी पान पूर्ण हातात यायच्या आधीच ते वाचलं जायचं. तोच तो राखाडी पट्टा.

एकट्या लाल रॅमची तपासणी स्वच्छ का आली आणि एकट्या जुनीचीही का आली, ते आता उलगडलं. जुनी एकटी असताना एक्सएमपीची यादीच मशीनला सापडत नव्हती. मग बोर्ड आपोआप तिच्या स्वतःच्या टायमिंगवर जायचा. मी मनातल्या मनात दुकानदाराला खूप बोलून घेतलं होतं. पण रॅम चांगलीच होती, आणि पोराने तर माझं मशीन पळावं म्हणूनच ते केलं होतं.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून बायोसमध्ये गेलो, एक्सएमपी बंद केलं, सेव्ह केलं. सीपीयू-झेडमध्ये आता २४०० आणि १७-१७-१७ दिसायला लागलं. रात्रभर परत तपासणी लावली. सकाळी पाहिलं तर एकही चूक नाही. मनाचं समाधान होईना म्हणून दुसऱ्या रात्रीही लावली.

भावाला विचारलं होतं, बायोस अपडेट करून टाकू का, त्यात रॅमच्या सुधारणा असतात म्हणे. तो म्हणाला, चाललंय तर हात लावू नको. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जाईल. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही हे त्याला पुण्यात बसूनही आठवलं. ज्यांना करावंच लागेल त्यांनी यूपीएस चांगला असल्याशिवाय करू नये.

वेगाचा फरक लोक विचारतात. सीएल १६ आणि १७मधला फरक माझ्या कामात मला कधी दिसला नाही, दिसणारही नाही. फरक पडला तो ४चे १२ जीबी झाल्याचा. दुसरा फायदा असा की दोन्ही स्लॉट भरले की प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांमधून एकदम माहिती घेतो. ४ आणि ८ असं विषम असलं तरी इंटेलमध्ये ४ आणि ४ची जोडी होते, उरलेली ४ एकटी चालते. ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना हे जाणवतं, कारण स्क्रीनचं कामही याच रॅमवर होतं.

ज्या फाइल त्या काळात बनवल्या होत्या, त्या सगळ्या उघडून पाहिल्या. बिघडलेल्या सापडल्या तेवढ्यांच्या घरी जाऊन कागद परत मागितले, परत स्कॅन करून जोडले. हे काम रॅमपेक्षा जास्त दिवस चाललं. लोकांनी समजून घेतलं. एक आजोबा तेवढे म्हणाले, "मंग काहून पैसे घेतले होते?" त्यांचे परत दिले.

हे सगळं कळल्यावर मला रॅमचं स्टिकर वाचायचा नाद लागला. सगळं त्यावर लिहिलेलं असतं, पण आपण फक्त जीबी वाचतो. माझ्या जुन्या पट्टीवर पीसी४-२४००टी आणि पुढे यूए असं होतं. त्यातलं पीसी४ म्हणजे डीडीआर४, २४०० हा वेग, आणि मागचं अक्षर म्हणजे टायमिंग. टी असेल तर सीएल १७. २६६६व्ही असेल तर १९, ३२००एए असेल तर २२. नंतरचा यू म्हणजे साध्या डेस्कटॉपची. तिथे आर असेल तर ती सर्व्हरची रॅम. ऑनलाइन स्वस्तात दिसते, आपल्या बोर्डवर चालत नाही. एस असेल तर लॅपटॉपची. १आरएक्स८, २आरएक्स८ असंही लिहिलेलं असतं, ती आतल्या चिपची मांडणी. गेमिंगच्या रॅमवर कव्हर असल्यामुळे यातलं बरंच दिसत नाही, तिथे कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून पाहावं लागतं. नवीन घेताना जुनीच्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो नेला की अर्धं काम होतं.

या स्टिकरचा उपयोग लवकरच झाला. नांदुऱ्याकडचा माझा एक मित्र, त्याचंही केंद्र आहे. त्याचं मशीन माझ्याहून जुनं, एच६१ बोर्डचं, म्हणजे डीडीआर३ रॅमचं. त्याने ऑनलाइन ८ जीबीची पट्टी मागवली. ब्रँड ऐकलेला नाही, पण भाव फारच कमी. लावली तर स्क्रीनच येईना, नुसता बीप. त्याने खोडरबर केलं, बॅटरीचा सेल काढून बायोस रिकामा केला, स्लॉट बदलले. मला फोन आला. मी स्टिकरचा फोटो मागितला. वर पीसी३-१२८००, म्हणजे १६०० वेग, बरोबर. पण पुढे १आरएक्स४, आणि खाली अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं: फक्त एएमडीसाठी.

हा प्रकार डीडीआर३मध्ये फार चालतो. साध्या ८ जीबीच्या पट्टीवर २आरएक्स८ मांडणी असते. या स्वस्त पट्ट्यांवर एक्स४ प्रकारच्या चिप लावतात. त्यांच्यात रकान्यांचा पत्ता एका अंकाने लांब असतो. एएमडीचे काही जुने प्रोसेसर तो वाचू शकतात, इंटेलचे घरगुती प्रोसेसर वाचू शकत नाहीत. बाहेरून पाहिलं तर दोन्ही पट्ट्या सारख्या, हिच्यावरही सोळा चिप, तिच्यावरही सोळाच. खाच त्याच जागी, त्यामुळे स्लॉटमध्ये बसतेही बरोबर. खाचेमुळे डीडीआर३ची पट्टी डीडीआर४च्या स्लॉटमध्ये जात नाही, डीडीआर४ची डीडीआर५मध्ये जात नाही. तेवढी चूक स्लॉटच अडवतो, पण हा एक्स४चा घोळ तो अडवू शकत नाही.

त्याला म्हटलं, परत पाठव. आणि त्याची जुनी पट्टी चालू असतानाच आणखी एक गोष्ट बघायला लावली. सेटिंगमध्ये सिस्टीमच्या पानावर त्याचं विंडोज ३२ बिट निघालं. म्हणजे योग्य रॅम लावली असती तरी ४ जीबीच्या वरची वापरलीच गेली नसती. कोण्या जुन्या अंगठ्याच्या मशीनसाठी त्याला ते कोणीतरी टाकून दिलं होतं. ते मशीन त्याने कधीच कपाटात टाकलंय. आधी ६४ बिट टाकून घेतलं.

मग आम्ही दोघं मिळूनच खामगावला गेलो, मी ज्या दुकानातून घेतली होती तिथेच. पीसी३-१२८००यू, २आरएक्स८, वापरलेली ८ जीबी मिळाली. दुकानदाराला मी बिलावर लिहून मागितलं की इंटेल एच६१ बोर्डवर तपासणीत चूक आली तर आठ दिवसांत परत. आधी तो हसला, मग लिहून दिलं. बसवून देणारं पोरगं तेच होतं. त्याला एक्सएमपीचा सगळा किस्सा सांगितला. तो म्हणाला, दोन वेगळ्या रॅम असल्या की आता नाही लावत. मित्राने पट्टी घरी नेऊन दोन रात्री मेमटेस्ट चालवली आणि तिसऱ्या दिवशी केंद्र उघडलं.